रास लफानचं गाऱ्हाणं

८ डिसेंबर २००३

सकाळीच मोठ्या साहेबाचं बोलावणं. मोरितासान, कतारमधल्या आमच्या गॅस प्रकल्पाच्या साइटचा जपानी मॅनेजर. वाटलं, शटरिंगवरून ऐकून घ्यावं लागणार, म्हणून उत्तरं तयार ठेवूनच केबिनमध्ये शिरलो. तर टेबलावर खोका आणि खोक्यात लाकडाचं हातभर देऊळ, पार चेचलेलं. जपानहून येताना कंटेनरमध्ये कुणी शहाण्याने त्याच्यावर पाइपांचे जोड ठेवले होते.

म्हणाले, मेस्त्री, रिपेअर?

म्हटलं, साहेब, हे रिपेअर होत नाही, हे नवीन होतं. मी करतो.

देव कुठाय विचारलं. त्यांनी कपाटातून पांढऱ्या कागदात गुंडाळलेली पातळ पट्टी काढली, दोन्ही हातांनी धरून. त्यांच्या गावच्या देवळातून आणलेली. वर देवाचं नाव, बास. मूर्ती नाही, आणि कागद कधी उघडायचा नाही. बाजूला कुलकर्णी उभा होता, अ‍ॅडमिनवाला, पुण्याचा. मला हळूच म्हणतो, नुसती पट्टी पुजतात हो हे. म्हटलं, आमच्या पावणादेवीला तरी कुठे नाकडोळे आहेत, पाषाण आहे नुसता, तरी सगळ्या गावाला राखते.

इथे आल्यापासून फळ्या ठोकायच्या नि काढायच्या, एवढंच. देवाचं काम पहिल्यांदा हाताला आलंय.

११ डिसें.

दिवसभर यार्डात लाकूड शोधलं. सगळं गाठाळ. शेवटी एका मोठ्या मशिनच्या क्रेटमधून पांढऱ्या पाइनच्या स्वच्छ फळ्या मिळाल्या. बाबल्या घाडी म्हणतो, मेस्त्रीनू, देवाक पॅकिंगचा लाकूड? म्हटलं, मगे हयसर काय फणस वाढतत? (बाबल्या माझ्याच गावचा, माझ्या गँगमध्ये. तोंड बंद ठेवणं त्याच्या कुंडलीत नाही.)

१६ डिसें.

देऊळ झालं. खिळा एकही नाही, सगळं खाचेत बसवलंय. छपराचा उतार मो.साननी दाखवलेल्या फोटोबरहुकूम. दार उघडतं, लागतं, कुरकुर नाही. स्वतःचं काम आहे म्हणून म्हणत नाही, पण सुंदर झालंय. म्हणतोच की.

पॉलिशचा डबा उघडला तर मो.साननी माझा हात धरला. नो पॉलिश, मेस्त्री. मला राग आला. पॉलिशशिवाय काम म्हणजे जेवून हात न धुणं. मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे देवाचं घर उघड्या लाकडाचंच असतं. काळं पडलं, जुनं झालं की नवं बांधायचं. म्हणजे दर पिढीतल्या सुताराला ते बांधता आलंच पाहिजे. विद्या मरत नाही.

पॉलिशचा डबा बंद केला. शहाणे लोक आहेत.

४ जानेवारी २००४

नव्या वर्षाचं काम आज सुरू. सगळे फोरमन आणि माझी गँग मीटिंग रूममध्ये, दार लावून. बाहेर मिरवायचं नाही, हे आधीच सांगितलेलं. भिंतीवर उंच फळी, फळीवर माझं देऊळ, आत ती पट्टी. पुढे पाणी, तांदूळ, मीठ. वरच्या मजल्यावर ड्रॉइंगवाल्यांची ये-जा असते, देवाच्या डोक्यावर पाय पडायला नकोत, म्हणून मो.साननी छताला एक कागद चिकटवलाय. त्यावर जपानीत 'ढग' लिहिलंय. देवाने वर बघितलं तर आभाळच. हे मला फार आवडलं.

इथे पुजारी कुठला, मो.सान स्वतःच वाचायला उभे राहिले. साइटवर कुणाला इजा होऊ नये, असं मागणं. मोठा सूर, संथ. एक वाक्य झालं नि श्वास घ्यायला थांबले.

आणि माझ्या तोंडून निघालं, व्हय म्हाराजा.

मागून बाबल्या. मागून आमचे सगळे सुतार. व्हय म्हाराजा. खोली दणाणली.

मुद्दाम नाही केलं, आईशप्पथ. जन्मभर देवळात हेच केलंय. एकाने गाऱ्हाणं घालायचं, तो थांबला की गावाने हुंकार द्यायचा. भाषा कुठली का असेना, तो सूर ओळखीचा होता. तोंड आपोआप उघडलं.

मो.साननी कागदावरून मान वर करून बघितलं, मग पुढे वाचलं. आम्ही जिभा चावत उभे. शेवटी दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, परत वाकले. आम्हीही तसंच.

बाहेर कुलकर्णीने गाठलं. मेस्त्री, अहो हा काय दशावतार आहे? साहेबांच्या प्रार्थनेची टिंगल केलीत. गोऱ्यामोऱ्या तोंडाने उभा राहिलो.

५ जाने.

मो.साननी बोलावलं. नोकरी जाणार असं धरूनच गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, काल तुम्ही काय म्हणालात?

माझ्या मोडक्या इंग्लिशात नि हिंदीत सांगितलं. एकट्याचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. सगळ्यांनी हो म्हटलं की ते गावाचं होतं. मग देवाला टाळता येत नाही.

मग म्हणाले, आमच्या गावात आता हो म्हणायला माणसं नाहीत. डोंगरातलं गाव. लाकूडतोड्यांनी बांधलेलं देऊळ. एकदा जळालं, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या रानातलं एकेक झाड दिलं नि पुन्हा उभं केलं. प्रत्येक घराला देवाचं काम वाटून दिलेलं. कुणाकडे ढोल, कुणाकडे दोर वळणं, कुणाकडे भात. त्यांच्या घराकडे पालखीच्या पुढच्या खांद्याचं.

म्हटलं, साहेब, म्हणजे तुम्ही मानकरी. आमच्याकडे पण असंच. आमच्या घराकडे पालखीचा दांडा घडवायचा मान.

दांडा? म्हणाले. मग दोघांनी हातवारे करून एकमेकांना पालख्या दाखवल्या. केबिनच्या काचेतून कुलकर्णी बघत होता. बघू दे.

निघताना म्हणाले, पुढच्या महिन्यात पण म्हणा. प्लीज.

१ फेब्रुवारी

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रार्थना असं ठरलं. मो.सान आता वाक्य संपलं की आमच्याकडे बघून थांबतात. यल्ला, चला आता, असा चेहरा. आज मल्याळी नि फिलिपिनोही म्हणाले. व्हय म्हाराजा. त्यांचा उच्चार ऐकून आमचा गुरव हसून हसून आडवा झाला असता. मला मात्र छाती फुगल्यासारखं वाटलं. माझ्या हातचं देऊळ, माझ्या गावचा हुंकार.

१२ मार्च, शुक्रवार

कंपनीच्या बसने दोह्याला. तिथल्या नजमा भागातल्या नेहमीच्या दुकानातून घरी, बायकोला फोन.

शोभा म्हणाली, शिमग्यात पालखी नाचवताना दांडा तडकला.

हा बाबांच्या हातचा. त्यांनी घातला तेव्हा मी बाजूला उभा राहून ढलप्या गोळा केल्या होत्या. आमच्यात चाल अशी की नव्या दांड्याला पहिली पटाशी मेस्त्र्यांच्या रक्तातल्या कुणीतरी मारायची. पुढचं कामही आमच्याच घरात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाबा गेले. चुलते मुंबईला गेले ते रंधा कसा धरतात विसरून गेले. राहिलो मी.

मार्गशीर्षातल्या जत्रेला नवा दांडा हवा. तोवर रजा मिळेल. मिळवूच.

२१ मे, शुक्रवार

फोन. देवीने कौल दिला. राईतलं झाड पाडलं, ओंडका सभामंडपात सुकायला टाकलाय. तात्या गावकर (गावचे पहिले मानकरी) स्वतः फोनवर आले. म्हणाले, वसंता, येतलंस मां? नायतर कमिटीतली पोरां कुडाळच्या मशिनवाल्याक काम देवूक बघतत. म्हटलं, तात्यानू, मी जिवंत आसय.

मशिनवाला. हातपंपाचा दांडा आहे का तो?

२२ ऑगस्ट

रजेचा अर्ज परत आला. गॅस सुरू होईपर्यंत एकाही फोरमनला रजा नाही. खाली मो.सानची सही.

सरळ केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, सॉरी, मेस्त्री. मी पण घरी गेलो नाही. रूल इज रूल. म्हटलं, तुमच्या रूलपायी माझ्या घराचा मान चाललाय. पिढ्यान्‌पिढ्यांचा. एकदा गेला की गेला, पुढे पोरांना फक्त सांगायचं, आमचा होता म्हणून. डोळे खाली घालून बसले. मी दार जरा जोरातच लावलं.

राजीनामा टाकून निघून जावं. मग पोरीच्या, मनीषाच्या, कॉलेजचं काय? पासपोर्टही कंपनीकडे. डोकं चालत नाही.

१ सप्टेंबर

प्रार्थनेला गेलो, पण तोंड उघडलं नाही. मी गप्प म्हणून गँग गप्प, गँग गप्प म्हणून सगळेच. मो.सान थांबले. वाट बघितली. खोलीत एसीचा आवाज तेवढा. मग पुढे वाचलं, परत थांबले नाहीत.

मला वाटलं होतं बरं वाटेल. बाहेर आल्यावर बाबल्या म्हणाला, मेस्त्रीनू, राग सायबाचो, मगे देवाक कित्याक?

त्याच्या अंगावर खेकसलो. खरं बोलणाऱ्यावर आपण जास्तच खेकसतो.

१७ सप्टें., शुक्रवार

उद्या गणपती. नजमाच्या कॅफेटेरियात गाववाले जमले होते. एक वेंगुर्ल्याचा म्हणतो, मशिनवर दांडा कसा गुळगुळीत होईल बघ, कशाला जीव काढतोस. म्हटलं, तुझ्या लग्नात नवरा पण मशिनवरचा आणायचा होता, गुळगुळीत मिळाला असता. सगळे हसले. मी नाही हसलो.

१ ऑक्टोबर

शुक्रवार, तरी प्रार्थना झाली. गेलो आणि म्हटलं, व्हय म्हाराजा. बाबल्याने माझ्याकडे बघितलंही नाही, पण सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला. मो.साननी माझ्याकडे बघून मान तुकवली. रजेबद्दल दोघेही बोललो नाही.

१९ ऑक्टो.

रमझान, काम लवकर सुटतं. मी सुतारशाळेत हत्यारांना धार लावत होतो. मो.सान आले, स्टुलावर बसले. हा माणूस स्टुलावर बसलेला आजवर कुणी पाहिला नसेल. खिशातून फोटो काढला. त्यांच्या गावची पालखी. म्हणजे देवळाच्या मागच्या खोपीत ठेवलेली, वर कापड, कापडावर धूळ.

म्हणाले, मी दरवर्षी उत्सवाला जाईन जाईन म्हणायचो. दरवर्षी कुठल्यातरी साइटवर असायचो. सगळ्यांचे मुलगे असेच बाहेर. खांदे कमी पडायला लागले. गावाची बैठक झाली. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात. ती उभी राहून म्हणाली, माझ्या घराचा खांदा मी देते. म्हातारे म्हणाले, बायकांनी पालखीला शिवायचं नाही. देवाचा मान राहिला पाहिजे.

मग?

मग मान राहिला. पालखी उठलीच नाही. ते म्हातारेही आता नाहीत. आता शेजारच्या गावचा पुजारी कधीमधी येऊन झाडून जातो.

मी विचारलं, बैठकीत तुम्ही काय म्हणालात?

म्हणाले, मी फोनवर होतो. काहीच म्हणालो नाही.

फोटो परत खिशात ठेवला. जाताना माझ्या पटाशीची धार अंगठ्याने बघितली. गुड, म्हणाले.

२० ऑक्टो.

दिवसभर एकच घोळतंय. माझी मनीषा.

बाबांचे हात थरथरायला लागल्यावर करवतीचं दुसरं टोक तीच धरायची. शाळेतून आली की आधी आजोबांच्या पडवीत. घरातला पाट तिने केलाय, माझ्यापेक्षा साफ. हे मी लोकांना कौतुकाने सांगत फिरतो. आणि दांड्याचा विषय निघाल्यापासून त्या कामासाठी ती मला एकदाही आठवली नाही. मेस्त्र्यांचं रक्त म्हणत होतो, ते काय फक्त लुंगीतूनच वाहतं?

२२ ऑक्टो., शुक्रवार

नजमा. फोन.

शोभाला म्हटलं, दांडा मनीषा घडवील. ती म्हणाली, चेडवान देवीच्या दांड्याक पटाशी लावूची? गाव काय म्हणात?

म्हटलं, देवी काय बापयमाणूस आसा?

हसली. मग रडली. मग म्हणाली, ती हयच आसा, तिकाच इचार.

मनीषाने ऐकून घेतलं. भीती वाटते का विचारलं तर म्हणाली, कामाची नाही वाटत, माणसांची वाटते. मग लगेच, बाबा, पटाशी तुमची घेव की आजोबांची?

गाव हो म्हणायच्या आधी पोरीची हत्याराची तयारी. म्हटलं, हाताक बसात ती घे. फोन ठेवल्यावर दुकानदार विचारतो, भाई, सब ठीक? माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. म्हटलं, ठीक से भी ज्यादा. पोरगी माझी आहे.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात वादळ उठलंय. कमिटीतले म्हणतात, वसंता आखातात राहून चाली बदलतो. कुणी म्हणतं, त्यापेक्षा मशिन परवडलं. शोभाला विहिरीवर बोलणी खावी लागली. तिने एकीला ऐकवलं म्हणे, तुझ्या झिलाक खिळो तरी ठोकूक येता? ही माझी बायको, जी गाव काय म्हणेल म्हणून रडत होती.

तात्या फोनवर: वसंता, मी एकटो कोण ठरवतलो? देवीक इचारूया. गाराणा घालूया, कौल लावूया. देवीन दिल्यान तर गाव अडवूचो नाय. पण गाराण्याक गावान व्हय म्हणूक व्हया. ता माझ्या हातात नाय.

सरळ बोलले. त्यांचा राग नाही. मंगळवार, २३ तारीख ठरली.

१४ नोव्हें.

ईद. कॅम्पात सुट्टी. मो.सानना जाऊन सगळं सांगितलं. मुलीचं सांगितलं तेव्हा उठून खिडकीपाशी गेले नि पाठमोरे उभे राहिले. मग वळून विचारलं, किती वाजता? म्हटलं, गावात सकाळी. म्हणाले, मग प्रार्थना या महिन्यात दोनदा. २३ला पण.

म्हटलं, साहेब, रूल?

म्हणाले, प्रार्थनेला रूल नाही.

२२ नोव्हें.

फळी पुसली, देवळाची धूळ झटकली. वर्ष होत आलं, लाकूड किंचित पिवळं पडलंय. उघडं आहे म्हणून दिसतं. पॉलिश लावलं असतं तर कळलंही नसतं. कॅम्पच्या माळ्याकडून हिरवी डहाळी आणून ठेवली.

गाव हो म्हणेल का? कोण नाही म्हणेल ते मी बोटावर मोजू शकतो. त्यांच्या शेजारी उभे राहणारे काय म्हणतील, ते कळत नाही. नाही म्हणाले तर पोर सगळ्यांसमोर पटाशी घेऊन उभी राहणार नि तशीच घरी येणार. मीच तिला पुढे केली. मशिनच्या दांड्याचं दुःख एक वेळ गिळेन, हे नाही गिळता यायचं.

२३ नोव्हें., मंगळवार

पहाटे उठलो. अंघोळ केली, पेटीतला धुतलेला शर्ट घातला. बाबल्यानेही. बाकीचे सुतारही चापून भांग पाडून हजर. कुणी सांगितलं नव्हतं.

मीटिंग रूम भरली. मो.साननी त्यांचं नेहमीचं वाचलं. आम्ही हुंकार दिला. मग कागदाची घडी घातली, बाजूला सरकले आणि मला म्हणाले, मेस्त्री, नाऊ यू.

हे ठरलं नव्हतं. गावात गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा, मेस्त्र्यांचा नाही. पण इथे तात्या कुठले. दोनदा वाकलो. मग आपोआप आलं:

बा मोरितासानाच्या गावच्या राखणदारा म्हाराजा, तुझा गाव लांब, माझा गाव लांब. तुझी लेकरां नि माझी लेकरां हयसर वाळवंटात पोटासाठी इली.

व्हय म्हाराजा.

आज माझ्या पावणादेवीच्या पायाकडे माझा चेडू पटाशी घेवन उभा आसा. तूय देव, तीय देव. तिका दोन शब्द सांग.

व्हय म्हाराजा.

ज्या घरात कर्तो बापयो नाय, त्या घराचो मान चेडवाच्या हातात सुखरूप ऱ्हवांदे. माझ्या घरात, आणि ह्या सायबाच्या घरातय.

इथे मी थांबलो. आणि हुंकार आला तो आधी एकट्याचा. मो.सानचा. व्हय म्हाराजा. उच्चार वाकडा, पण छातीतून. मग सगळ्यांचा. कुलकर्णीचाही, माझ्या शेजारीच उभा होता, कानाने ऐकला. बाबल्या तर लहान पोरासारखा डोळे पुसत होता. मला लाज नाही वाटली. उलट असं वाटलं, बाबा इथे असते तर त्यांना दाखवलं असतं, बघा, कुठे येऊन तुमच्या दांड्यासाठी किती माणसं हो म्हणाली.

मो.साननी स्वतःचा मोबाइल पुढे केला. म्हणाले, फोन करा. मी बाहेर सावलीत जाऊन लावला.

वाजला. उचलला नाही. दुपारी पुन्हा लावला, नुसताच वाजत राहिला. मो.सान दोनदा केबिनच्या दारात येऊन बघून गेले. कुलकर्णीसुद्धा विचारून गेला, काही कळलं का हो मेस्त्री.

घरात कुणी नाही. शोभा नाही, मनीषा नाही. म्हणजे अजून सगळी देवळातच आहेत. एवढा वेळ लागलाय तो भांडणाला की कामाला, इथून काय समजणार.

संध्याकाळी परत लावतो. हाताला कुठली पटाशी बसली, तेवढं पहिल्यांदा विचारायचंय.